क्रँक गेला म्हणून इंजिन टाकू नका



पावसाळा सरला की कोलाडच्या रिसॉर्टांत आणि काशीद-नागावच्या किनाऱ्यांवर एटीव्ही गाड्या पुन्हा फिरू लागतात. चार फुगीर चाकं, मोटरसायकलचं हँडल आणि मागे बसून किंचाळणारी पोरं. ऐन नाताळच्या गर्दीत त्यातली एखादी गाडी ठोका द्यायला लागते. मालक ती टेम्पोत घालून रोह्याला नाहीतर पेणला आणतो, आणि तिथे त्याला ऐकवलं जातं, "क्रँक गेला शेठ, इंजिनच बदला." यातला पहिला भाग खरा असेलही. दुसरा मात्र बऱ्याचदा खरा नसतो.

क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरतीत बदलणारा दांडा. ट्रॅक्टर-ट्रकचा क्रँक एका तुकड्यातून घडवलेला असतो. 1961 साली पुण्यात सुरू झालेल्या भारत फोर्जचे असे क्रँक आज जगभर जातात. तो झिजला तर पाव किंवा अर्धा मिलिमीटर ग्राइंडिंग करून त्या मापाचं बेअरिंग बसवतात. मोटरसायकलचा आणि लहान एटीव्हीचा क्रँक वेगळा. त्यात दोन जड तबकड्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्रेसखाली दाबून बसवलेली पिन. पिनेवर रोलरचं बेअरिंग, बेअरिंगवर कनेक्टिंग रॉड. इथे ग्राइंडिंग चालत नाही, पण क्रँक उघडता येतो. पिन, बेअरिंग आणि रॉड एकत्र 'रॉड किट' म्हणून मिळतात. तबकड्या जुन्याच राहतात. अख्खा नवा क्रँक घेण्यापेक्षा हे काम बरंच स्वस्तात होतं.

रॉड खरंच गेलाय का, हे स्वतः पाहून घ्या. इंजिन उघडलं की पिन वरच्या टोकाला आणा आणि रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढा. किंचितही टकटक लागली तर बेअरिंग गेलं. रॉड बाजूला सरकला तर घाबरू नका. तेवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, ती फीलर गेजने मोजतात. हा फरक न कळल्यामुळे चांगले क्रँकही भंगारात गेले आहेत.

आता लेथवाल्याकडचं काम. उघडण्याआधी दोन्ही तबकड्यांवर काटकोन लावून एक सरळ रेघ मारून घ्यावी, जोडताना ती उपयोगी पडते. पिन प्रेसनेच काढायची. घण घातला तर तबकडीचं भोक सैल होतं. एकदा ते सैल झालं की नवी पिन पकड घेत नाही, आणि मग खरोखरच नवा क्रँक घ्यावा लागतो. फोर-स्ट्रोक इंजिनात पिनेला ऑइलचं भोक असतं. ते तबकडीतल्या वाटेसमोर आलं नाही तर नव्या बेअरिंगला तेलच पोहोचत नाही.

जोडून झालं की क्रँक 'ट्रू' करायचा, म्हणजे दोन सेंटरमध्ये धरून, फिरवून, डायल गेजवर त्याचा डगमगाट पाहायचा. तांब्याच्या हातोडीने इकडे एक टोला, तिकडे एक टोला, पुन्हा गेज. काटा केसाच्या जाडीपेक्षा कमी हलला पाहिजे. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते टाळलं जातं. डोळ्यांनी बघून "सरळ आहे" म्हणणाऱ्याकडे क्रँक देऊ नये. पिनेला वेल्डिंग मारून देणाराही भेटतो. शर्यतीच्या गाडीत त्याला अर्थ असेल, तुमच्या गाडीत नाही, कारण पुढच्या वेळी तो क्रँक उघडणं अवघड होऊन बसतं.

सुट्या भागांची अडचण खरी आहे. बऱ्याच चिनी एटीव्हींचं लहान इंजिन होंडाच्या 1958 सालच्या सुपर कबच्या वंशातलं. आपल्याकडची 1985 सालची हिरो होंडा सीडी 100 ही त्याच घराण्यातली, त्यामुळे इंजिनं दिसायला सारखी. तरी नुसतं बघून किट घेऊ नका. पिनेची जाडी आणि लांबी, रॉडची दोन्ही भोकं आणि त्यांच्यातलं अंतर मोजून मगच दुकानात जा.

क्रँक एकटा जात नाही. रॉडच्या बेअरिंगचा चुरा ऑइलमध्ये फिरत असतो, म्हणून पंपाची जाळी आणि क्लचच्या बाजूचा सेंट्रिफ्युगल फिल्टर धुतल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू देऊ नका. मेन बेअरिंग आणि ऑइल सील त्याच वेळी नवी घाला. तिथे वाचवलेले पैसे टिकत नाहीत.

आणि मुळात क्रँक जातो कशाने? जुन्या, कमी पडलेल्या ऑइलने आणि एअर फिल्टरमधून शिरलेल्या धुळीने. किनाऱ्यावर बारीक वाळू, इकडे मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, पेण आणि कोलाड याच पट्ट्यात. त्या धुळीने किती फिल्टर खाल्ले, याचा हिशेब कुठल्याच निविदेत सापडायचा नाही. गाडी पाण्यात घालून फवारे उडवण्याची हौसही महागात पडते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, मग रॉडच वाकतो.

तेव्हा गाडी गॅरेजमध्ये टाकलीत की दोन गोष्टी मागून घ्या. काढलेली जुनी पिन आणि रॉड तुमच्या हातात द्यायला सांगा, आणि क्रँक बसवण्याआधी डायल गेजवर फिरवून दाखवायला सांगा. चांगला लेथवाला याचा राग मानणार नाही.