भाड्याचा फ्लॅट आणि आमचा समुद्र



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची आठ माणसं मुंबई बघायला गेलो. सासूबाई सत्तरीच्या, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. लॉजच्या तीन खोल्यांचे दोन रात्रींचे १५,००० रुपये सांगत होते. दीरांनी फोनवर शोधून दादरला स्वयंपाकघर असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट १०,००० रुपयांत ठरवला. ५,००० वाचले, सगळे एकत्र राहणार, लेकरांना दूध तापवता येणार. मीही खूश झाले.

लातूरहून रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी दादरला उतरलो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या बसत-उठत चढल्या. पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येणार होतं. यातलं आम्ही आधी काहीच विचारलं नव्हतं.

दुपारी सोबत नेलेले धपाटे खाल्ले. संध्याकाळी सगळे चौपाटीला निघाले. आमचे हे म्हणाले, "रात्री बाहेर खायला नको, घरात गॅस आहे. तुम्ही दोघी वरण-भात टाका, आम्ही तासाभरात येतो." मी आणि जाऊबाई गप्प बसलो. सवयच ना ती!

सासूबाई मात्र दारात थांबल्या. म्हणाल्या, "मीबी उद्याच जाईन. या दोघी येतील तवा."

कुणी काही बोललं नाही. चपला निघाल्या, सगळे परत आत आले. त्या रात्री आम्ही बसून हिशेब केला. वाचलेल्या ५,००० मध्ये आमच्या दोघींची मेहनत धरलीच नव्हती. त्यातले २,००० बाहेरच्या जेवणासाठी बाजूला काढले. सकाळचा चहा यांनी करायचा, भांडी दीरांनी घासायची, असं ठरलं. चहा जरा पांचट झाला, पण आयता मिळाला!

दुसऱ्या दिवशी राणीची बाग बघितली, पोळी-भाजी केंद्रावर जेवलो आणि संध्याकाळी सगळे मिळून चौपाटीला गेलो. सासूबाईंनी लुगडं जरा वर खोचलं, माझा हात धरला आणि पाण्यात उभ्या राहिल्या. दिवस मावळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, भाड्याचं घर वाईट नाही. माणसं जास्त असली तर ते परवडतं. पण पैसे देण्याआधी एवढं विचारा: मजला कितवा, लिफ्ट चालू आहे का? पाणी किती वेळ येतं? संडास भारतीय आहे की कमोड? अनामत किती आणि परत कधी मिळणार? सोसायटीची पाहुण्यांना परवानगी आहे का? उत्तरं फोनवर लेखी मागवा.

घराचा पूर्ण पत्ता मिळाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. "पैसे परत करतो, पिन टाका," असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा. आत शिरल्यावर तुटलेला नळ, फुटलेली काच यांचे फोटो काढून मालकाला पाठवा, म्हणजे ते नुकसान तुमच्या अनामतीतून कापलं जाणार नाही. रात्री झोपताना गॅस बंद करा. राणीची बाग बुधवारी बंद असते, हेही ध्यानात ठेवा.

आणि गाडीची तिकिटं काढतानाच घरात एक प्रश्न विचारा: तिथं स्वयंपाक कोण करणार? लाजू नका. सहल सगळ्यांची, तर सुट्टीही सगळ्यांची.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.