बसून गाइलेलं गाणं



पाश्चात्त्य ऑपेरात हाती छडी घेतलेला एक संचालक असतो. सगळे वादक त्याच्या हाताकडे बघत वाजवतात. आपल्या संगीत नाटकात असा माणूस नसतो. तिथे गाणारा नटच साथीदारांना चालवतो, कधी मानेच्या हालचालीनं, कधी समेवर येताना टाकलेल्या एका कटाक्षानं. बालगंधर्व त्यातले फार मोठे. त्यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. पुढे साथीला ऑर्गन आला, कादरबक्षांची सारंगी आली, अहमदजान थिरकवाँचा तबला आला. अंगावर शालू, मुखी नायिकेची भाषा, आणि त्यातूनच असे उस्ताद सांभाळायचे. हे सोपं काम नव्हे.

ज्यांची लुगडं नेसण्याची ढब घरंदाज बायका उचलत, त्या बालगंधर्वांचे पाय १९५० नंतरच्या दशकात अधू झाले. उभं राहणं संपलं, म्हणजे नाटक संपलं. गाणं मात्र संपलं नाही. ते बसून भजनं गात राहिले.

त्या काळात त्यांच्या सोबत होत्या गोहरबाई कर्नाटकी. आपल्या शेजारच्या विजापूर भागातल्या, स्वतः उत्तम गाणाऱ्या. १९५१ साली दोघांचा विवाह झाला. बाईंविषयी लोक बरंवाईट पुष्कळ बोलले. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ रोज राहणं काय असतं, ते बोलणाऱ्यांना कुठून कळावं? १९६४ साली त्या गेल्या. बालगंधर्व त्यांच्यामागे तीन वर्षं जगले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

हे आज सांगावंसं वाटलं, त्याला कारण आहे. मला पुष्कळ वर्षांचा मधुमेह आहे. तळपायांना आता जमीन नीट लागत नाही. कविसंमेलनात उभ्यानं वाचायची माझी सवय. पहिल्यांदा खुर्ची मागितली, तेव्हा शरमेनं कविता अर्धी विसरलो. घरी येऊन बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. ऐकता ऐकता ध्यानात आलं, की गाणारा उभा आहे की बसलेला, हे मी इतक्या वर्षांत कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. आता संयोजकांचा फोन आला, की आधीच सांगतो, "एक खुर्ची ठेवा हं."

दीर्घ आजार कलावंताचं बळ नेतो. त्याहून जास्त, तो त्याची माणसं नेतो. बैठकीला बोलावणं येत नाही, पेटीवर धूळ बसते. तुमच्या गल्लीत असा कुणी पेटीवाला, कुणी भजनी बुवा घरी बसला असेल, तर प्रकृती विचारायला जरूर जा. जाताना मोसंबी न्या, आणि जमलं तर एखादा तबलजीही सोबत न्या.