घसरणीची धास्ती आणि पोरांचा खेळ

20 जून 2000 च्या संध्याकाळी रॉटरडॅमला युरो फुटबॉल स्पर्धेत गतविजेत्या जर्मनीची पार रया गेली. पोर्तुगाल पुढच्या फेरीत आधीच पोचलं होतं, म्हणून त्यांनी बहुतेक राखीव खेळाडू उतरवले. त्यातल्या सेर्जियो कोन्सेसावने एकट्याने तीन गोल चढवले. समोर जर्मनीच्या संघात लोथर मथेउस होता, वय वर्षं 39! थोर खेळाडू, वादच नाही; पण त्या वयात त्याला उतरवावं लागतं म्हणजे मागे पोरं तयार नाहीत, हेच ना? तीन सामन्यांत एक गुण घेऊन जर्मनी घरी परतली.

मग चक्रं फिरली. वरच्या दोन्ही श्रेणींतल्या प्रत्येक क्लबला कुमारांची प्रबोधिनी सक्तीची झाली, आणि 2003 मध्ये 19 वर्षांखालच्यांची बुंडेसलीगा, म्हणजे राष्ट्रीय लीग, सुरू झाली. कुमारांचं राष्ट्रीय अजिंक्यपद 1969 पासून होतंच. पण दुसऱ्या प्रदेशातला तोडीस तोड संघ भेटायचा तो वर्षअखेरीस. आता देशाचे तीन विभाग पाडून मुलांना हंगामभर कसाचे सामने मिळू लागले. 2007 मध्ये 17 वर्षांखालच्यांचीही लीग आली.

19 वर्षांखालच्यांच्या लीगने खेळाडू दिले, हे सगळेच सांगतात. मला तिने घडवलेल्या प्रशिक्षकांचं जास्त अप्रूप वाटतं. 2009 मध्ये माइन्झ क्लबची पोरं विजेती झाली. त्यांत आंद्रे शुर्ले होता. 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सहकारी ग्योट्झेच्या गोलसाठी डावीकडून चेंडू देणारा तोच. त्या पोरांच्या प्रशिक्षकाला क्लबने त्याच ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना, थेट मोठ्यांचा संघ दिला. त्याचं नाव थॉमस टूखेल. पुढे 2014 मध्ये हॉफनहाइमच्या कुमारांनी अंतिम सामन्यात हॅनोव्हरला 5-0 असं धुतलं, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक युलियान नागेल्समान जेमतेम 26 वर्षांचा होता. आज जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे आहे.

पण या लीगमध्ये एक गोम होती. तळाचे संघ खालच्या श्रेणीत घसरत. घसरणीची धास्ती असली की प्रशिक्षक काय करतो? दांडगी पोरं खेळवतो, चेंडू लांब भिरकावतो आणि उशिरा वाढणाऱ्या किडकिडीत पण हुशार मुलाला बाकावर बसवतो. मी त्याला दोष देणार नाही; त्याची नोकरी गुणतक्त्यावर टांगलेली असते.

2018 आणि 2022 च्या विश्वचषकांत जर्मनी गटातच गारद झाली आणि पुन्हा मंथन झालं. 2024-25 च्या हंगामापासून जुन्या लीगच्या जागी नवी कुमार लीग आली. तिच्यात प्रबोधिनी असलेल्या क्लबांना घसरणीचं भय नाही.

गंमत पाहा. जुनी लीग शेवटच्या हंगामात असतानाच, डिसेंबर 2023 मध्ये, इंडोनेशियात सुराकार्ताला जर्मनीच्या 17 वर्षांखालच्या मुलांनी फ्रान्सला पेनल्टींवर हरवून विश्वचषक जिंकला. जर्मनीला या वयोगटात तो कधीच मिळाला नव्हता. मोडीत निघालेल्या लीगनेच तो मिळवून दिला म्हणावं, की तिच्यात वाढूनही पोरांनी जिंकला म्हणावं? माझा कौल पहिल्या बाजूला आहे. तरीही घसरण काढून टाकली ते बरंच झालं, असंही मला वाटतं.