आकाशातील वाट आखताना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय चिटणिसांनी आमच्यावरच सोपविला. चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता, म्हणजे 1982 पूर्वी, तेव्हा आम्ही मोजणीच्या नोकरीस लागलो. साखळी आणि प्लेन टेबल यांच्या संगतीत हयात गेली. तेव्हा मोजणीवाचून दुसरे आम्ही काय बोलणार? मात्र आज बोलावयाचे आहे ते ड्रोनने करावयाच्या मोजणीविषयी. निवृत्तीनंतर आमच्या पुतण्याने आम्हांस या नव्या विद्येत ओढले.

वरोऱ्याहून वर्ध्याकडे जाताना हिंगणघाट लागते. सबंध हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी 1802 साली मद्रासेस सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी तेथेच वारला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. आज तेवढ्याच कामास निघणारे पाखरू एका हातात मावते. पण रानाचा अभ्यास न करता रेघ ओढणाऱ्याला रान तेव्हाही माफ करीत नसे आणि आजही करीत नाही.

गावठाणाची मोजणी ड्रोनने होते हे आपणांस ठाऊक आहेच. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील मिळकत पत्रिका आपल्यापैकी काहींच्या घरी आल्याही असतील. गावठाण सपाट असते, त्यामुळे तेथे मार्ग आखणे त्या मानाने सोपे. रानात तसे नाही, आणि ते का नाही हे जरा हिशेबाने सांगतो. भगिनींनी कंटाळू नये. हिशेब स्वयंपाकघरातल्याहून अवघड नाही.

संगणकाच्या पडद्यावर क्षेत्राची हद्द दाखविली, की मिशन प्लॅनरसारखी प्रणाली तिच्यात नांगराच्या तासांसारख्या समांतर रेघा ओढून देते. ड्रोन त्या रेघांवरून जातो आणि ठरलेल्या अंतरावर छायाचित्रे टिपतो. ही छायाचित्रे पुढे एकमेकांस जोडून नकाशा व्हावयाचा, म्हणून प्रत्येकाचा बराचसा भाग शेजारच्या छायाचित्रात पुन्हा यावा लागतो. आमच्या कॅमेऱ्यात 100 मीटर उंचीवरून सुमारे 150 मीटर रुंद जमीन मावते. बाजूच्या रेघेशी सत्तर टक्के भाग सामाईक हवा, तर दोन रेघांत 45 मीटर अंतर ठेवावे. येथवर सर्व ठीक.

आता खाली साठ मीटरची टेकडी आली असे समजा. ड्रोनने उंची धरलेली असते ती जेथून उडाला त्या जागेपासून. टेकडीच्या माथ्यापासून तो चाळीस मीटरवरच उरला. छायाचित्रात मावणारी रुंदी साठ मीटर झाली आणि सामाईक भाग पाव हिस्सा राहिला. त्या माथ्यावर वीस मीटरचे साग उभे असले तर झाडांच्या शेंड्यांवर रुंदी उरते तीस मीटर, आणि रेघांमधले अंतर मात्र पंचेचाळीसच. म्हणजे मधली पट्टी कोणत्याच छायाचित्रात नाही. नकाशास भोक पडते ते असे.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही, अनुभविले आहे. गडचिरोलीच्या धानोरा भागात एका गावास आपल्या सामूहिक वनाचा नकाशा हवा होता. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हापासून बांबू कोठला तोडावा, कोठला राखावा याचा विचार गावेच्या गावे करू लागली आहेत. आम्ही पडद्यावर रेघा आखल्या, गावाबाहेरच्या पडीत जागेवरून ड्रोन उडविला आणि संध्याकाळी अभिमानाने नकाशा जोडावयास बसलो. नेमका डोंगराचा कणा फाटलेला! आणि शेजारच्या गावाशी असलेली शीव त्याच कण्यावरून जात होती. दुसऱ्या दिवशी शेजारगावच्या मंडळींनी तो नकाशा पाहिला आणि शांतपणे विचारले, की आमची बाजू तेवढी कशी गळली? हेतू नव्हता हे सांगून पटण्यासारखे नव्हते. दोन्ही गावांच्या बैठकीतून आम्ही मान खाली घालून उठलो.

पुतण्याचे म्हणणे, प्रणालीत जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलण्याची सोय आहे, ती वापरली असती तर काम झाले असते. ते अर्धेच खरे. ती सोय चालते ती उंचीच्या तयार माहितीवर. त्यातली बहुतेकांच्या वापरातली माहिती अमेरिकनांनी फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने टिपलेली आहे. तिचा एक एक चौकोन सुमारे तीस मीटरचा. दाट रानात ते रडार धड जमिनीपर्यंत पोचत नाही आणि धड शेंड्यावरही थांबत नाही. शिवाय त्यानंतर झाडे वाढली, काही तुटली. विजेच्या तारा तर त्यात मुळीच नाहीत. चंद्रपूरहून पडघ्याकडे गेलेली अतिउच्च दाबाची वाहिनी ज्यांनी पाहिली आहे त्यांस याचा अर्थ सांगावयास नको.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही पडद्यापुढे बसण्याआधी डोंगर चढलो. दोन्ही गावांतील दोन-दोन वृद्ध बरोबर घेतले. कोणत्या माथ्यावर साग उंच, कोठे उघडा खडक, हे त्यांनी चालता चालता सांगितले. शिवेवर जेथे चौघांचे एकमत झाले तेथे चुन्याच्या मोठ्या फुल्या मारल्या. एके ठिकाणी एकमत झाले नाही. तेथे फुली मारली नाही. मग क्षेत्राचे दोन भाग केले. वरच्या भागासाठी ड्रोन माथ्यावरूनच उडविला आणि रेघा डोंगर ओलांडणाऱ्या न ठेवता कण्याला समांतर घेतल्या. परतीची उंचीही सर्वांत उंच झाडाच्या वर बांधली. एका बॅटरीत चाळीस हेक्टरांच्या आतच काम होते, त्यामुळे दिवस पुष्कळ लागले.

ऋतूचेही पाहावे लागते. सागाची पाने गळल्यावर जमीन दिसते, म्हणजे मार्च ते मे हा काळ उत्तम. पण मार्च-एप्रिलात पहाटेपासून बाया मोहफुले वेचावयास रानात असतात आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणारे असतात. वाघाच्या भीतीने आधीच जीव मुठीत धरून वाकलेल्या बाईच्या डोक्यावर अचानक घरघर आली तर तिने काय समजावे? आम्ही आदल्या रात्री गावात सांगून ठेवीत असू आणि फुले वेचून झाल्यावर, वारा सुटण्यापूर्वीच्या तासा-दोन तासांत काम उरकीत असू.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात 120 मीटरपर्यंत उडविता येते, इतरत्र परवानगी लागते. धंदा म्हणून करावयाचे तर ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र काढावे. ताडोबासारख्या संरक्षित रानात वनखात्याच्या परवानगीवाचून पेटीचे झाकणही उघडू नये. गडचिरोलीत पोलिसांना आधी कळविल्यावाचून जाऊ नये, हा आमचा स्वतःचा नियम.

दुसरा नकाशा पुरा झाला तेव्हा त्यात चुन्याच्या फुल्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या स्वच्छ दिसत होत्या. शेजारगावच्या एका म्हाताऱ्या बाबांनी बोट ठेवून त्या मोजल्या. जेथे फुली नव्हती तेथे ते थांबले, आमच्या गावच्या पाटलांकडे पाहून हसले आणि म्हणाले, “इथं पुन्हा जाऊ.” ते दोघे पावसाळ्याआधी गेले. आम्हांस त्यांनी बोलाविले नाही, आणि ते योग्यच होते.

आपल्या समाजातील पाच-सहा तरुणांनी या कामाविषयी विचारणा केली आहे. भोजनानंतर शेजारच्या खोलीत पुतण्या संगणक घेऊन बसेल. त्यांनी येताना आपापल्या गावच्या शिवेवरच्या टेकड्यांची नावे आठवून यावे; रेघा ओढण्यास तेथूनच आरंभ करू.