रोज परत येणारं विमान

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण. सांस्कृतिक समितीच्या आग्रहावरून वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण माईकसमोर उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. सांस्कृतिक समितीच्या वहिनी म्हणाल्या, “काका, तुमच्या विमानांबद्दल पंधरा मिनिटं बोला.” मी म्हटलं, माझी विमानं उडत नाहीत. त्या म्हणाल्या, “म्हणूनच बोला, नाहीतर लोकांना वाटतं तुम्ही ड्रोन उडवता.” तर आधी तो गैरसमज दूर करतो. मी प्लास्टिकची स्केल मॉडेल विमानं जोडतो आणि रंगवतो. ती कपाटात उभी राहतात. त्यांना सेल लागत नाही, रिमोट लागत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

आता या छंदाची आणि आपल्या सोसायटीची पहिली ओळख कशी झाली, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. मासिक सभेत माझ्या नावाने तक्रार आली होती, “तिसऱ्या मजल्यावरून थिनरचा वास येतो.” तक्रार शंभर टक्के खरी होती. मी तेव्हा एनॅमल रंग वापरत होतो आणि बाल्कनीत बसून ब्रश धूत होतो. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं. त्या दिवशी वाईट वाटलं, पण त्यामुळेच मी पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिक रंगांकडे वळलो, खिडकीला एक्झॉस्ट फॅन लावला आणि तोंडाला मास्क. रंग फवारायचा कॉम्प्रेसर दुपारी दोन ते चार बंद, हा नियम मी स्वतःच स्वतःवर घातला. ते तान्हं बाळ आता सहावीत आहे आणि दर रविवारी माझ्याकडे विमान जोडायला येतं. म्हणजे तक्रार निकाली निघाली असं समजायला हरकत नाही.

हा छंद मला लागला शाळेत असताना. माझे मामा मालवाहू जहाजावर होते. एका फेरीत त्यांनी इंग्लंडहून एअरफिक्स कंपनीचा स्पिटफायर विमानाचा किट आणला. चौकोनी प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले सुटे भाग, एक कागद आणि पाण्यात भिजवून लावायची चित्रं. मी एका दुपारीत जोडून टाकला! गोंद इतका लावला की काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. कारण तो गोंद आपल्या फेव्हिकॉलसारखा नसतो. तो प्लास्टिकच विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मिसळून एक होतात. लग्नासारखं आहे म्हणा, एकदा धरलं की सोडवताना दोन्हीकडचं थोडं तुटतंच.

मग नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. किट पुन्हा हातात घेतला तो निवृत्तीनंतर.

हे स्केल म्हणजे काय, असं बरेच जण विचारतात. सर्वांत जास्त चालणारं माप आहे १/७२, म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. ७२ हाच आकडा का? तर एक इंच म्हणजे सहा फूट. सहा फूट उंचीचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. आणि हा नुसता पोरखेळ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना याच मापाची लाकडी विमानं बनवायला सांगितली होती. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना एका नजरेत ओळखता यावं म्हणून ती मॉडेलं शिकवण्यासाठी वापरत. त्यामुळे बालमित्रांनो, आई ओरडली तर हा इतिहास सांगा. फक्त अभ्यास झाल्यावर सांगा.

माझे डोळे आता १/७२ला दाद देत नाहीत. म्हणून मी १/४८ मापाकडे वळलो. मिग-२१ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटरच्या थोडे वर. १/७२ मध्ये ते जेमतेम दहा सेंटीमीटर होतात, १/४८ मध्ये पंधरा. पासष्टीनंतर हे पाच सेंटीमीटर फार मोलाचे असतात.

आणि आता मिग-२१ वरच येतो, कारण आज मला खरं बोलायचंय ते एका मिगबद्दल.

आपण नाशिककर. ओझर काय आहे हे आपल्याला सांगायला नको. १९६४ साली तिथे कारखाना उभा राहिला तोच मुळी मिग-२१ बनवण्यासाठी. आपल्याच सोसायटीत तिथे नोकरी केलेली चार-पाच कुटुंबं आहेत. मिग-२१ वायुसेनेत आलं १९६३ मध्ये आणि निरोप घेतला २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडला. बासष्ट वर्षं! तो कार्यक्रम आपण खाली क्लब हाऊसमध्ये टीव्हीवर एकत्र पाहिला होता.

त्याच्या सहा महिने आधीची गोष्ट. मी मिग-२१ बिस जोडून पूर्ण केलं होतं. फिकट करडा रंग, तिरंगी वर्तुळं, सगळं कसं चकचकीत. फक्त शेपटीवरचा नंबर लावायचा बाकी होता, कोणता लावावा ते ठरत नव्हतं. मोठ्या अभिमानाने ते घेऊन मी बी विंगमधल्या अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे कोण ते तुम्ही ओळखलंत. मुलं त्यांना मिग आजोबा म्हणतात. वायुसेनेत ते तंत्रज्ञ होते, विमानाची देखभाल करायचे. ऐंशी ओलांडली आहे, पण जिना चढतात. आज ते इथे मागच्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय. अट एकच होती, नाव घ्यायचं नाही.

अण्णांनी चष्मा लावला, विमान हातात फिरवलं आणि म्हणाले, “अहो बँकवाले, ही नळी मधे कशी?”

मिगच्या नाकावर वेग मोजणारी एक लांब नळी असते. किटमधली नळी माझ्या हातून तुटली होती, म्हणून मी इंजेक्शनची सुई कापून लावली होती आणि ती लावली होती बरोबर मधोमध. बिसमध्ये ती वैमानिकाच्या किंचित उजव्या बाजूला असते. समोर चित्र होतं तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी विमान टेबलावर ठेवलं आणि ते शेपटीवर बसलं, नाक वर! पुढे वजन घालायचं मी विसरलो होतो. तीन चाकांच्या विमानाला नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर ते असं कुत्र्यासारखं बसतं. घरी मी त्याला काडेपेटीचा टेकू देऊन उभं केलं होतं. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “छान आहे. पण हे विमान कधी उडालेलं नाही.”

मला राग आला. खरं सांगतो, दोन दिवस मी त्यांच्यासमोरून लिफ्टमध्ये गेलो नाही, जिन्याने गेलो. तिसऱ्या दिवशी नवीन किट मागवला आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. “अण्णा, उडालेलं विमान कसं दिसतं ते दाखवा.”

पुढचे तीन महिने रोज सकाळी अकरा ते साडेबारा ते माझ्या टेबलाशी बसायचे. सुरुवात कॉकपिटपासून. मिगचं कॉकपिट आतून मोरपिशी रंगाचं असतं, हिरवट निळं. मी दोन हात मारून मोकळा होणार होतो. म्हटलं, वरची काच बसली की आतलं कोणाला दिसतंय? अण्णा म्हणाले, “जो आत बसतो त्याला दिसतं.” मग बारीक ब्रशने एकेक डायल केली. चार दिवस गेले. दोन भाग जुळवण्याआधी नाकात मासेमारीचे शिशाचे मणी भरले, चाकं टेपने तात्पुरती लावून विमान उभं राहतंय का ते दोनदा पाहिलं.

मग जोड घासायचं काम. पुटी भरायची, वाळू द्यायची, आधी चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग सहाशे, मग हजार, आणि पाणी लावून घासायचं म्हणजे धूळ उडत नाही. नखाने जोड लागला नाही पाहिजे. वरची काच फेव्हिक्विकने कधीच चिकटवू नका, तिच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. आपलं साधं पांढरं फेव्हिकॉल लावा, वाळलं की दिसत नाही.

रंग झाल्यावर अण्णांचा खरा तास सुरू झाला. पंखाच्या मुळाशी बोट ठेवून ते सांगायचे, “इथे आमचे बूट पडायचे, इथला रंग आधी जाणार.” इंजिनाच्या नळीजवळचा पत्रा उष्णतेने तपकिरी-निळसर होतो. जिथे झाकण वारंवार उघडतं तिथे बोटांचे तेलकट डाग असतात. दुरुस्तीनंतर रंगाचा जो ठिगळ लागतो त्याची छटा बाकीच्या रंगाशी कधीच जुळत नाही. शेपटीच्या मुळाशी ब्रेक पॅराशूटची नळी असते. विमान उतरलं की पॅराशूट उघडतं, धावपट्टीवर पडतं, मग कोणीतरी ते उचलून आणायचं, पुन्हा नीट घडी घालायची, पुन्हा भरायचं. प्रत्येक वेळी. मी पातळ केलेला काळपट रंग रेषांमध्ये सोडायचो, पेन्सिलीचा भुगा बोटाने चोळायचो आणि ते म्हणायचे, “थोडं कमी. आम्ही काय आळशी होतो का?”

वहिनी मला एकदा खाली भेटल्या. म्हणाल्या, “तुमच्याकडून आले की जेवताना बोलतात हो. घरात इतकी वर्षं नोकरीचं एक अक्षर काढलं नव्हतं.”

शेवटी नंबर लावायची वेळ आली. ही चित्रं कोमट पाण्यात भिजवतात आणि कागदावरून अलगद सरकवतात. आधी पृष्ठभाग चकचकीत करून घ्यावा लागतो, नाहीतर खाली हवा राहून चंदेरी दिसतं. मी विचारलं, नंबर कोणता लावू? अण्णांनी लगेच एक नंबर सांगितला. इतक्या लगेच, की मी गप्प झालो.

तुम्हाला माहीत आहे, मिग म्हटलं की पेपरात काय यायचं. अपघाताच्याच बातम्या. मला वाटलं, हे त्यांच्या हातून गेलेलं, परत न आलेलं विमान असणार. कसंबसं विचारलं, “अण्णा, हे... काय झालं होतं त्याला?”

ते म्हणाले, “काही नाही झालं. माझी सही घेऊन ते जायचं आणि रोज परत यायचं.”

बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. मग तेच पुढे म्हणाले, “पडलेल्या विमानांबद्दल सगळे विचारतात. विचारायलाच हवं, आमची माणसं गेली त्यात. पण संध्याकाळी परत आलेल्या विमानाबद्दल आजवर मला कोणी विचारलं नाही. त्याच्यासाठी रात्र रात्र जागलोय आम्ही.”

नंबर त्यांनी स्वतः लावला. हात थोडा थरथरत होता, मी मनगटाला आधार दिला. दुसरा आकडा केसभर तिरका बसला आहे. मी सरळ करणार होतो. पाणी लावलं की तो सरकतो, अजून वेळ होती. ते म्हणाले, “राहू द्या. खऱ्यावर पण हातानेच रंगवायचो.”

क्लब हाऊसमध्ये आपण निरोपाचा कार्यक्रम पाहिला, तेव्हा अण्णांच्या मांडीवर एक बुटाचा खोका होता. अनेकांनी विचारलं, काय आहे. ते ‘काही नाही’ म्हणाले. त्यात हे विमान होतं.

मंडळी, पंचवीस वर्षांचा सोहळा करतोय आपण. स्मरणिकेत मोठ्या कामांचे फोटो येतील, यायलाच हवेत. पण या पंचवीस वर्षांत टाकी किती वेळा वेळेवर भरली, लिफ्ट किती वेळा व्यवस्थित वर गेली, गेट रात्री किती वेळा कोणीतरी जागून उघडलं, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. पाणी नाही आलं तेव्हाच आपण पंपवाल्या मामांना फोन केला. मीही त्यातलाच. हा छंद नसता तर माझ्या हे लक्षात आलं नसतं.

अण्णांच्या संमतीने ते विमान आजपासून सोसायटीच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात राहील. खाली नाव नाही, नुसता नंबर. मुलांनो, जवळून बघा. नळी उजवीकडे आहे, पंखाच्या मुळाशी बुटांच्या खुणा आहेत. कॉकपिटमधल्या डायल बाहेरून दिसणार नाहीत, पण त्या तिथे आहेत. माझं पहिलं, शेपटीवर बसणारं विमानही शेजारीच ठेवणार आहे. दोन्ही पाहिलीत की फरक कळेल.

आणि ज्यांना जोडायला शिकायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहाला या. कटर आणि गोंद माझ्यासमोरच हाताळायचा, एवढा एकच नियम. पहिलं विमान बिघडणार, हे आईबाबांनी आधीच मान्य करून पाठवावं. माझं तर मामांनी इंग्लंडहून आणलेलं बिघडलं होतं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत. वरच्या मजल्यावरच्यांनी तर बरीच वर्षं सहन केलंत.