लेकरू टाकू नका, वाट विचारा
(जोडप्यांच्या मेळाव्यात आरोग्य सेविकेने केलेले भाषण)



पाळणा कसा लांबवावा, ऑपरेशन कुणी करून घ्यावे, हे आपण नेहमीच बोलतो. आज मात्र चारचौघांत कुणी काढत नाही, असा विषय मी काढणार आहे. मूल तर झाले, पण ते वाढवण्याची ताकद आपल्यात नाही, असे आई-बापाला वाटले तर त्यांनी काय करावे?

कुणी म्हणेल, "बाई, असं कुठं असतं का? जन्म दिला म्हणजे सांभाळलंच पाहिजे." बोलायला सोपं आहे. पण उसाच्या फडात, देवळाच्या पायरीवर, नाल्याच्या कडेला तान्हं मूल सापडल्याच्या बातम्या आपण ऐकतोच ना? ती मुलं काही आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी रात्रीच्या अंधारात, घाबरून, कुणालाही न विचारता ते केलेलं असतं. विचारलं असतं तर वाट होती. तीच वाट सांगायला मी उभी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या आरोग्य केंद्रात एक बाई बाळंत झाली. पदरात आधीच तीन लेकरं. नवरा ऊसतोडीला जाणारा, पण त्या साली पाठीला मार बसून घरी पडलेला. मुकादमाची उचल अंगावर. चौथी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हे लेकरू आमच्यानं सांभाळवत न्हाई. पल्याडच्या गावात एकजण पोर मागतोय. पैसंबी देतो म्हणतोय."

मी म्हटलं, "दादा, पैसे घेऊन लेकरू दिलंत तर तुम्हीही आत जाल आणि घेणाराही. आणि पोरगी पुढं कुणाच्या हाती जाईल, हे तुम्हाला कधीच कळणार नाही." त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला विचारलं, "ताई, तुमच्या मनात काय आहे?" ती म्हणाली, "मला काईच सुधरंना झालंय, बाई."

मंडळी, त्या बाईने पहिली खरी गोष्ट सांगितली. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस बाईचं मन ठिकाणावर नसतं. रडू येतं, झोप लागत नाही, लेकराकडे बघवत नाही. पुष्कळ जणींचं हे पंधरा दिवसांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, किंवा जिवाचं, बाळाचं काही बरंवाईट करावंसं वाटू लागलं, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. मग उशीर करू नका, तडक डॉक्टरांकडे न्या. तो बाईचा दोष नाही आणि बाहेरची बाधाही नाही. सासूबाईंनी, नवऱ्याने हे ध्यानात ठेवावं. म्हणून पहिली गोष्ट ही, की घाईत निर्णय घेऊ नका. आशाताई बेचाळीस दिवसांत घरी येऊन जातात, त्यांच्याशी मोकळं बोला.

दुसरी गोष्ट. 'सांभाळवत नाही' याच्या मागे काय आहे ते पाहा.

बाळ आजारी आहे, कमी वजनाचं आहे, म्हणून भीती वाटते का? सरकारी दवाखान्यात आजारी बाळावर एक वर्षापर्यंत उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ओठ फाटलेला असो, पाय वाकडा असो, हृदयाला छिद्र असो, अशा मुलांवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत उपचार होतात. दोष दिसला म्हणून मूल टाकायचं नसतं.

पैशाची अडचण आहे का? आई-बाप दुर्धर आजारी आहेत, एकजण वारला आहे, किंवा घर मोडलं आहे, अशा घरातल्या मुलासाठी महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. २०२३ साली तिची मदत वाढवून महिन्याला २२५० रुपये केली आहे. मूल आपल्याच घरात, नाहीतर नातेवाइकांकडे राहते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात त्यासाठी अर्ज करावा.

मुलगी झाली म्हणून नको आहे का? तर दादांनो, कान देऊन ऐका. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, बायकोच्या पोटावर नाही. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात, एक किंवा दोन मुलींना, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळून एक लाख एक हजार रुपये मिळतात.

आता तिसरी गोष्ट. हे सगळं करूनही जमणारच नाही, असं दोघांनाही वाटलं तर? तर कायद्याने वाट ठेवली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. आपल्या आवाक्याबाहेरच्या शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणामुळे मूल वाढवता येत नसेल, तर आई-बापाने मूल घेऊन त्या समितीपुढे जावे. समिती चौकशी करते, समजावून सांगते. तरीही मन तेच राहिलं, तर आई-बाप लेखी समर्पणपत्र करून देतात. लग्नाच्या जोडप्याने दोघांनी सही करायची असते. लग्नाशिवाय आई झालेली मुलगी असेल, तर तिची एकटीची सही चालते. तिचं नाव गुप्त ठेवलं जातं.

ऐकून घ्या, या चौकशीत आई-बापावर पोलीस केस होत नाही. सही केल्यावर विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत असते. त्या काळात लहान बाळ दत्तक संस्थेत सांभाळलं जातं. साठ दिवसांत येऊन "आमचं लेकरू परत द्या" म्हणता येतं. मुदत संपली की मात्र मूल दत्तक देण्यास मोकळं होतं. मग घर, माणसं, परिस्थिती तपासून ज्यांना मूल हवं आहे त्यांच्या पदरी ते जातं.

ही काही नवी रीत नाही. पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, लेकराचा जीव घेऊ नये, यासाठी. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्या दोघांनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. विचार करा, त्या लेकराला कुणी नदीत सोडलं असतं तर?

नात्यात द्यायचं असेल, भावाला मूल नाही म्हणून, तरी तोंडी व्यवहार करू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, कायदेशीर कागद करा. उद्या शाळेत, वारसात त्याच मुलाला अडचण येते. मध्यस्थाला, एजंटाला, दवाखान्यातल्या कुणालाही मूल देऊ नका. मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. मूल उघड्यावर टाकून जाणाऱ्या आई-बापाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

त्या जोडप्याचं काय झालं, ते सांगते. दोघं समितीपुढे गेले, सही केली. त्या बाईचं दूध आठ दिवस थांबलं नाही. पदर भिजायचा, ती रडायची. मी रोज जायचे. नवरा दाराशी बसून राहायचा. चाळिसाव्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "बाई, गाडी कधी हाय जिल्ह्याला?" दोघं जाऊन लेकराला घेऊन आले. आज ती पोरगी शाळेत जाते.

पण दुसरं एक जोडपं मला माहीत आहे. ते परत गेले नाहीत. त्यांनीही विचार करूनच केलं आणि त्यांचं लेकरू कुणाच्या तरी घरी वाढतंय. मी दोघांनाही नावं ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. दोघांनीही लेकराचा जीव राखला.

आता शेवटचं, आणि आमच्या खात्याचं मुख्य म्हणणं. ही वेळ येऊच नये. नको असताना दिवस गेले तर गावठी उपाय करू नका, लवकर सरकारी दवाखान्यात या. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने कायदेशीर गर्भपात होऊ शकतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. मात्र मुलगा-मुलगी तपासून गर्भ पाडणे हा गुन्हा आहे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, निरोध आहे. दोन लेकरं पुरेत वाटलं तर ऑपरेशन. पुरुषांची नसबंदी बिनटाक्याची, सोपी असते. त्याने ताकद कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरा आणि मग तपासणी करून घ्या. सगळा भार बायकोवरच का, दादांनो?

लक्षात ठेवा :
१. बाळंतपणानंतर घाईत निर्णय नको. आशाताईंशी, नर्सबाईंशी बोला.
२. मदत हवी असेल तर १०९८ वर फोन करा. फोन फुकट, दिवस-रात्र चालू.
३. मूल द्यायचंच असेल तर बाल कल्याण समितीपुढेच. विचार बदलायला साठ दिवस.
४. मूल विकू नका, टाकू नका.
५. पुढचा पाळणा दोघांच्या विचाराने, हवा तेव्हाच.

घरी गेल्यावर आज रात्री नवरा-बायकोने याच्यावर बोला. शेजारी कुणी अडचणीत दिसलं तर हा कागद त्यांच्या हाती द्या.