एकच द्रव्य, गुण मात्र वेगळा

आमच्या आसेगावाकडे सोयाबीनची सोंगणी सुरू असली की कुणाच्या तरी बोटाला विळा लागतोच. माणूस फडक्याची चिंधी बांधतो, पुन्हा पातीला लागतो, आणि बोट ठणकू लागते ते संध्याकाळी घरी टेकल्यावर. जखम तर सकाळची. मग दिवसभर दुखणे गेले कुठे?

याचे एक उत्तर आपल्या मेंदूत आहे. अफूतील मॉर्फीन ज्या जागी बसून वेदना शमवते, तेथेच बसणारी द्रव्ये शरीर स्वतः तयार करते. 1975 साली स्कॉटलंडमध्ये ह्यूझ आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून अशी दोन द्रव्ये ओळखली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चो हाओ ली यांनी उंटाच्या पिट्युटरीतून बीटा-एंडॉर्फिन मिळाल्याचे जाहीर केले. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली लहानशी ग्रंथी. आणि बीटा-एंडॉर्फिन म्हणजे 31 अमिनो आम्लांची माळ. अशा लहान माळांना पेप्टाइड म्हणतात. आपल्या विदर्भातही, नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात, मेंदूतील पेप्टाइडांवर संशोधन झालेले आहे.

मी मानसशास्त्र शिकवतो. वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की एंडॉर्फिन जितके जास्त, तितके दुखणे कमी. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, रक्त तपासून कुणाला किती दुखते ते कळेल का?" उत्तरासाठी पुस्तके उघडली, तेव्हा माझे सांगणे किती अपुरे होते ते ध्यानात आले.

बीटा-एंडॉर्फिन सुटे जन्मत नाही. ते एका लांब प्रथिनातून कापून निघते. 1979 साली जपानमध्ये नाकानिशी, नुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या पिट्युटरीवर काम करून त्या मूळ प्रथिनाची रचना उलगडली. बाभळीचा ओंडका एकच. पण एक सुतार त्याची वखराची दांडी करतो, तर दुसरा त्यातून जुवाच्या शिवळा काढतो. तसेच येथे. पिट्युटरीच्या पुढच्या भागात त्या प्रथिनातून 39 आम्लांचे एसीटीएच निघते. मधल्या भागात त्याच एसीटीएचचे आणखी तुकडे पडतात, आणि पहिल्या 13 आम्लांपासून अल्फा-एमएसएच बनते.

कापणे झाले की शेवटचा हात फिरतो, आणि खरी मेख तेथेच आहे. मधल्या भागात माळेच्या टोकाला ॲसिटिल नावाचा लहानसा गट जोडला जातो. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असते, त्याचाच तो अंश. आता शिवळेच्या टोकावर पत्र्याची टोपी ठोकली, तर ती जुवाच्या भोकात जाईल काय? बीटा-एंडॉर्फिनचे तसेच होते. टोपी चढली की ते मॉर्फीनच्या जागी नीट बसत नाही, आणि वेदना शमवण्याचा गुण जातो. नवल असे, की हीच टोपी अल्फा-एमएसएचला चढली तर त्याचा रंग गडद करण्याचा गुण उलट वाढतो!

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात मात्र बीटा-एंडॉर्फिन बरेचसे बिनटोपीचे, म्हणजे कामाचे, राहते. हे बहुतेक प्रयोग उंदीर, डुक्कर अशा प्राण्यांवरचे आहेत. प्रौढ माणसात पिट्युटरीचा मधला भाग नावापुरताच उरतो, हेही सांगितले पाहिजे. पण धडा सर्वांना सारखाच. द्रव्य किती, एवढे विचारून भागत नाही. ते कोठे घडले आणि त्यावर शेवटचा हात कोणता फिरला, हेही विचारावे लागते.

मग त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? रक्तातील बीटा-एंडॉर्फिन मुख्यतः पिट्युटरीतून येते; मेंदूच्या आत काय चालले आहे, ते त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून दुखणे जाणून घ्यायचा भरवशाचा मार्ग आजही एकच: ज्याला दुखते, त्याला विचारणे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही 2020 साली हेच नमूद केले, की दुखते असे जो सांगतो, त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

तेव्हा गुरुजी, वर्गातले पोर पोट दुखते म्हणाले, तर लगेच त्याला सोंगाडा म्हणू नका. आणि घरातली बाई मुकाट्याने राबते आहे, म्हणून तिला काही दुखत नाही असेही समजू नका. तिला विचारा, आणि दुखते म्हणाली, तर वेळेवर दवाखान्यात न्या.